‘नेपथ्य अनुरूप’ एवढ्यावर भागवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडे नाटकाचं परीक्षण येतं ते मी न चुकता वाचतो, पुरवणी हातात आली की आधी तेच पान काढतो, आणि वाचतो म्हणूनच ही तक्रार करतोय हे आधी सांगून टाकतो. परीक्षणाचा साचा आता इतका ठरून गेलाय की डोळे झाकून सांगता येईल. पहिले तीन परिच्छेद गोष्ट, ती पण शेवट सोडला तर जवळजवळ सगळीच. मग कोणाचं काम कसं झालं, कोणाचं टायमिंग भन्नाट, कोणाला अजून वाव होता. ‘दिग्दर्शन नेटकं’ हे एक असतंच. आणि तळाला जागा उरली तर एक ओळ की नेपथ्य अनुरूप, प्रकाशयोजना पूरक, पार्श्वसंगीत प्रसंगाला उठाव देणारं. संपलं. ही ओळ कापून दुसऱ्या कुठल्याही नाटकाच्या परीक्षणाखाली लावा, कोणाला पत्ता लागणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिग्दर्शकाला नाटक दिसतं कसं, हे त्या शेवटच्या ओळीत बसणारं प्रकरण नाहीये. खरं तर तिथूनच सगळं सुरू होतं. नट कुठून येणार, किती वेगात येणार, कोणाकडे पाठ करून बोलणार, कोणाला उंचीवर उभं करायचं, दोन वाक्यांच्या मध्ये किती थांबायचं, हे सगळं त्या एका दिसण्यातून येतं. नेपथ्यकार सेट उभा करतो ते बरोबर, पण हे नाटक कुठल्या जगात घडतंय हा निर्णय त्याच्या आधी झालेला असतो, आणि तो चुकला की कितीही चांगला नट आणा, तो बिचारा त्या सेटमध्ये भाड्याने राहायला आल्यासारखा वावरतो.

उदाहरण लांबचं कशाला, घाशीराम कोतवालच घ्या. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही नाट्यसंस्था) पहिला प्रयोग केला, विजय तेंडुलकरांचं लिखाण, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. ते नाटक गाजलं कशामुळे तर लोक लगेच वाद सांगतात, नाना फडणवीसांची बदनामी, १९ प्रयोगांनंतर संस्थेने थांबवलं, मग त्यातल्या मुलांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढली वगैरे. हे सगळं झालंच. पण नाटक बघितलेल्या माणसाला विचारा की डोळ्यासमोर काय येतं. तो नाना नाही सांगणार आधी, घाशीराम पण नाही. तो म्हणणार, ती माणसांची रांग.

बारा ब्राह्मण एका ओळीत उभे. गातायत, डोलतायत, मध्येच एकमेकांना कोपर मारतायत. त्यांनी तोंड इकडे केलं की पुण्याची मंडळी, पाठ केली की भिंत. भिंतीच्या मागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही आणि नेमकं तेच आपल्याला बघायचं असतं. मग ती रांग फुटते, बावनखणी म्हणजे कलावंतिणींची वस्ती होते, पुन्हा जुळते आणि देवाचं नाव घेत कीर्तनाला उभी राहते. पडदा नाही, ब्लॅकआउट नाही, फ्लॅट (सेटच्या भिंतीचे तुकडे) उचलून नेणारी काळ्या कपड्यातली पोरं नाहीत. एका प्रसंगातून दुसऱ्यात जायला माणसांनी नुसतं वळायचं.

आता बघा यात काय काय येऊन जातं. नाटक म्हणतंय काय, तर पुण्याचा जुलमी कोतवाल झालेला घाशीराम हा एकटा राक्षस नाही, त्याला वापरणारा नाना आहे आणि दोघांनाही पाठीशी घालणारं, वेळ आली की तोंड फिरवणारं एक अख्खं शहर आहे. हे कुठल्या पात्राच्या तोंडी भाषणात घातलं असतं तर लोकांनी जांभया दिल्या असत्या. इथे शहरच भिंत आहे. अन्याय चालू असताना ती पाठ करून उभी आहे, आणि वर तालात डोलतेय. प्रेक्षकाला कोणी काही समजावून सांगत नाही, तो बघतो आणि कळायचं ते कळतं, कधी कधी घरी गेल्यावर कळतं. आणि जी भिंत इतका वेळ गप्प होती तीच शेवटी घाशीरामाच्या जिवावर उठते तेव्हा जे पोटात कालवतं ना, ते आधीच्या दोन तासांच्या त्या डोलण्यामुळे.

कोणी म्हणेल ही तर लेखकाची कल्पना, दिग्दर्शकाला कशाला श्रेय. बरोबर, रांग संहितेतच आहे, कोकणातल्या खेळ्यांवरून, म्हणजे तिथल्या लोकनाट्यावरून, तेंडुलकरांना ती सुचली असं सांगतात. पण कागदावर ‘बारा जण रांगेत उभे’ असं लिहिणं वेगळं आणि ती रांग तालमीत उभी करणं वेगळं. किती अंतर ठेवायचं? सगळ्यांनी एकदम वळायचं की एकामागून एक लाट आल्यासारखं? डोलताना पाय कुठला पुढे? त्यात एकाची उंची कमी निघाली तर त्याला टोकाला घालायचं की मध्ये? हे ठरवायला दिग्दर्शक लागतो, शेजारी संगीतकार लागतो आणि पावलं बसवणारा माणूस लागतो, कारण ती भिंत सुरात असली तरच भिंत वाटते, नाहीतर बारा माणसं बसस्टॉपवर उभी आहेत असं वाटायला वेळ लागत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला ‘घाशीराम’चा तुकडा करणारे ग्रुप बघा म्हणजे पटेल. संवाद तेच, गाणी तीच, रांग पण असते, आणि तरी काहीच घडत नाही, कारण ‘घाशीराममध्ये रांग असते’ एवढंच त्यांना माहिती असतं, ती का असते हे कोणी विचारलेलं नसतं.

अजून एक गोष्ट, परीक्षणात कधीच न येणारी. अशा कल्पनेमुळे कास्टिंग बदलतं. घाशीराममध्ये तुम्हाला दोन स्टार आणि बाकी ‘गर्दी’ असं चालत नाही. ती गर्दीच हिरो आहे, तिच्यातल्या प्रत्येकाला गाता यायला पाहिजे, ठेका कळायला पाहिजे, रोज तालमीला यायला पाहिजे. मोहन आगाशेंचा नाना किंवा रमेश टिळेकरांचा घाशीराम कितीही भारी म्हटला तरी ते दोघं त्या रांगेसमोर उभे आहेत म्हणून उठून दिसतात. आणि जड सेटचं ओझं नव्हतं म्हणून, मला वाटतं, ते नाटक १९८० ला युरोपात नेणं पण जमण्यातलं झालं. सेट म्हणजे माणसंच, ती विमानात बसतात. (लाकडी वाडा नेऊन दाखवा बरं.)

आता याच्या उलट टोकाचं. लोकांचा एक गैरसमज असतो की कल्पना वगैरे फक्त अशा नाचगाण्याच्या, लोकनाट्याच्या धाटणीच्या नाटकात, घरातलं नाटक असलं की काय, एक सोफा, एक जिना, मागे खिडकी, झाला सेट. आपल्याकडे १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं तेव्हा रंगवलेले पडदे जाऊन खऱ्यासारखी खोली स्टेजवर आली याचं केवढं अप्रूप होतं, आणि ते असायलाच पाहिजे होतं. पण पुढे ती खोलीच सवयीची होऊन बसली. नव्वद वर्षं होऊन गेली तरी आपण त्याच तीन भिंतींच्या दिवाणखान्यात बसलोय आणि फक्त सोफ्याचं कापड बदलतोय.

पण घरातलं नाटक असूनही कल्पना कशी काम करते ते एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त बघा. १९८५ ला विजया मेहतांनी केलं, मग १९९४ ला चंद्रकांत कुलकर्णींनी त्याच्या पुढची दोन नाटकं, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’, जोडून तिन्ही सलग केली, आठ-नऊ तास लोक बसून होते. विदर्भातल्या देशपांड्यांचा पडायला आलेला वाडा, घरातले वडीलधारे तात्या गेलेत, तेरावा व्हायचाय. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर, येता जाता माणसं त्याला अडखळतात. आता दिग्दर्शकाने ठरवायचंय, हा ट्रॅक्टर प्रेक्षकाला दाखवायचा का? दाखवला तर अख्खं नाटक त्या लोखंडाच्या सावलीत होतं. नाही दाखवला तर नुसतं कोणीतरी ठेचकाळत आत आलं, पाय चोळत बसलं की प्रेक्षकाने आपापला ट्रॅक्टर उभा करायचा. दोन्ही चालेल, पण दोन्ही वेगळी नाटकं आहेत! नटाची एन्ट्री वेगळी, पहिलं वाक्य बोलतानाचा त्याचा वैताग वेगळा.

किंवा तो दागिन्यांचा प्रसंग. रात्रीची वेळ, घरातला थोरला मुलगा भास्कर आणि त्याची बायको वहिनी, आणि वहिनी घराण्याचे दागिने एकेक करून अंगावर चढवते. आयुष्यभर राबलेली बाई. बोलणं फार नाही. मग इथे काय करणार? प्रकाश कुठून येणार, कंदिलाचा की वरून? सोनं चमकलं पाहिजे की वहिनीचा चेहरा? ती आपल्याकडे तोंड करून उभी राहणार की नवऱ्याकडे? चमक जास्त झाली तर ती हावरट वाटेल, अंधार जास्त झाला तर प्रसंग फुकट. मधल्या कुठल्यातरी जागी ती क्षणभर त्या घराण्याची जुनी मालकीण दिसते, जी होण्याचं वचन त्या वाड्याने तिला दिलं होतं आणि कधी पाळलं नाही. हे त्या डिमरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, मुठीवर आहे आणि परीक्षणात लिहून येतं ‘प्रकाशयोजना पूरक’. पूरक? अहो तो प्रसंग तोच आहे. अलीकडे ‘वाडा’ पुन्हा आलं तेव्हा प्रदीप मुळ्येंचं नेपथ्य बघायला माझ्यासारखी कितीतरी माणसं गेली होती, इंटरव्हलला चहाच्या रांगेत त्यावरच चर्चा, आणि पेपरमध्ये मात्र कोण कोणाच्या भूमिकेत यावर कॉलमभर.

बाहेरचं एकच उदाहरण देतो, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७० ला इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्डला पीटर ब्रुकने शेक्सपिअरचं ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ केलं. जंगलातलं, पऱ्यांचं नाटक, म्हणजे शेकडो वर्षं काय चाललं होतं तर झाडं, चांदणं, जाळीदार पंख. ब्रुक आणि त्याची डिझायनर सॅली जेकब्स यांनी सगळं काढून टाकलं आणि एक पांढरीशुभ्र पेटी उभी केली, तीन बाजूंनी पांढऱ्या भिंती, वर सज्जा, त्यातून लोंबणारे झोपाळे. झाडं म्हणजे तारांची वेटोळी. जादूचं फूल म्हणजे काठीवर गरगर फिरणारी ताटली, ती एका नटाच्या काठीवरून दुसऱ्याच्या काठीवर जाते. पऱ्यांच्या राणीचा शयनमंच म्हणजे पक्ष्याच्या पिसासारखं एक प्रचंड लाल पीस, वरून लोंबणारं. आणि ज्यांचं काम चालू नाही ते नट वरच्या सज्जातून खाली बघत उभे.

याचा परिणाम काय झाला तर नटांना सर्कशीतल्यासारखं शिकायला लागलं, झोपाळ्यावर बसून शेक्सपिअरचं काव्य म्हणायचं, ताटली न पाडता. म्हणजे आवाज लावायची पद्धतच बदलणार, श्वास वेगळा, पोज घेऊन उभं राहून म्हणण्याची सोयच नाही. आणि पांढऱ्या पेटीत लपायला जागा नाही, म्हणून प्रेक्षकाला जादू कशी केली ते दिसतं आणि तरी ती जादू वाटते. राजा-राणी आणि पऱ्यांचे राजा-राणी एकाच जोडीने केले होते, म्हणजे दिवसा दाबून ठेवलेलं रात्री बाहेर येतं हा अर्थ कोणी न सांगता आला. सांगायचा मुद्दा, भिंतीला पांढरा रंग दिला यात मोठेपणा नाही, त्या एका निर्णयाने पुढचे शंभर निर्णय ओढून आणले यात आहे.

आणि म्हणूनच कल्पना नुसती ‘हटके’ असून भागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं बॅकस्टेजला राबलोय, दोन्ही प्रकार जवळून बघितलेत. एका ग्रुपमध्ये दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं की सगळी पात्रं काळ्या कपड्यात, मागे काळा पडदा, कारण विषय मृत्यूचा. तालमीत ट्यूबलाइटखाली छान वाटत होतं. प्रयोगाला दिवे लागले आणि स्टेजवर नुसती मुंडकी आणि हाताचे पंजे तरंगायला लागले, मागच्या रांगेतून एक पोरगं जोरात हसलं आणि मग मृत्यू वगैरे सगळं राहिलं बाजूला. नटांनी जीव तोडून केलं हो, पण शरीरच दिसत नाही म्हटल्यावर करणार काय.

दुसऱ्या ग्रुपकडे पैसे नव्हतेच. चाळीतली गोष्ट, दिग्दर्शिकेने सेटच्या नावाखाली स्टेजवर आडव्या तिडव्या चार दोऱ्या बांधल्या आणि त्यावर कपडे वाळत घातले, साड्या, परकर, गंजीफ्रॉक, चादरी, आणि दोऱ्या मुद्दाम छातीच्या उंचीला. आमचं सगळ्यांचं म्हणणं की बाई थोड्या वर बांधा, नट अडकतायत. ती म्हणाली अडकू द्या. झालं काय, कोणालाही कोणापर्यंत सरळ जाता येईना. भांडायला जायचं तरी आधी वाकायचं, दुसऱ्याचा ओला परकर तोंडावरून बाजूला करायचा, मग ओरडायचं. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या मुलाला आधी म्हातारा जमत नव्हता, खोटं खोकायचा, पण त्या दोऱ्यांखालून प्रत्येक वेळी कमरेत वाकून जाता जाता आठवड्याभरात त्याला आपोआप म्हातारपण आलं, खोकला बंद. आणि चोरून भेटणारी जोडी चादरीच्या दोन बाजूंना उभी, मागून लाइट, आपल्याला सावल्या दिसतात, घरच्यांना दिसत नाही. सुतळी आणि घरोघरचे कपडे, खर्च जवळपास शून्य. बक्षीस नेपथ्याचं मिळालं नाही, ‘नेपथ्य अपुरे’ असा शेरा मिळाला, त्यावर काय बोलणार.

सध्या अजून एक साथ आलीये, एलईडी स्क्रीनची. मागे मोठा पडदा, त्यावर पाऊस, समुद्र, किल्ला, हॉस्पिटल, जे पाहिजे ते. माझा विरोध नाही, चांगला वापर करता येतो. पण बऱ्याच ठिकाणी होतं असं की मागे लाटा हलतायत आणि पुढे दोन माणसं घटस्फोटावर बोलतायत, डोळा बिचारा लाटांकडे जातो. शिवाय त्या स्क्रीनचा उजेड इतका की चेहऱ्यावर टाकलेला बारीक प्रकाश धुऊन निघतो. जागा दाखवायची सोय झाली पण नाटक कसं दिसायला पाहिजे हा प्रश्न टळला. परीक्षणात मात्र लगेच ‘भव्य नेपथ्य’, ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’. प्रभावी कशासाठी ते कोण सांगणार?

व्यावसायिक नाटकवाल्यांची अडचण मला कळते, उगाच त्यांना झोडपायचं नाहीये. सकाळी ठाणे, रात्री दादर, दुसऱ्या दिवशी कोल्हापूर, सेट टेम्पोत मावला पाहिजे, मोजक्या तासांत लागला पाहिजे आणि प्रयोग संपल्यावर त्याहून लवकर निघाला पाहिजे. थिएटर बदललं की स्टेजची खोली बदलते, विंगा बदलतात, कुठे दिवे टांगायला बार धड नाहीत. हा मार खात खात कल्पना टिकवायची म्हणजे खायचं काम नाही. पण मग हीच तर लिहायची गोष्ट आहे! अमुक दिग्दर्शकाने एकाच दरवाजावर अख्खं नाटक पेललं, तमुकने तीन लेव्हलमध्ये चार घरं बसवली, हे वाचकाला कळलं तर तो नाटक बघताना त्याच्याकडे बघेल. आज तो बघत नाही कारण त्याला कोणी दाखवलंच नाही.

मी सांगलीचा आहे. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आम्ही जरा जास्तच मिरवतो, लोक हसतात, हसू देत. त्या पहिल्या नाटकात लिहिलेले संवाद फारसे नव्हतेच, सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्यावर आपापलं बोलायची, मग देव, राक्षस, विदूषक कसे येतात, कसे दिसतात यावरच सगळा खेळ. म्हणजे आपलं नाटक आधी बघायचंच होतं. पेपरमधल्या परीक्षणात ते फक्त ऐकायचं कधीपासून झालं कोण जाणे.

तेव्हा विनंती दोनच. परीक्षणात गोष्ट निम्मी करा, ती आम्हाला थिएटरमध्ये कळणारच आहे, आणि त्या जागेत पडदा उघडल्यावर काय दिसलं आणि त्याने नटांचं काय झालं हे लिहा, वाईट असेल तर वाईट लिहा. दुसरं, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकाराचं नाव निदान सहकलाकारांच्या ओळीत तरी छापा, कधी कधी ते पण गायब असतं. आणि जमलंच तर तुमच्या समीक्षकांना एखाद्या दिवशी प्रयोगाच्या चार तास आधी थिएटरवर पाठवा, सेट लागताना, दिवे फोकस होताना विंगेत उभं राहून बघू देत. भावे नाट्यगृहात पाठवत असाल तर चहा आमच्याकडून.

कळावे,
आपला एक जुना वाचक, सांगली